गळदोरी

गळदोरी : गळाने मासे धरताना मुख्य दोऱ्याच्या अखेरीस, भोवरकडी व गळ यांच्यामध्ये बांधलेला आखूड दोरा. त्याची लांबी सामान्यतः १५ सेंमी. ते १ मी. असते. मुंबईकडील हौशी मासेमार त्यास ‘ट्रेस’ किंवा ‘लीडर’ म्हणतात. कोकणात गळाला ‘गरी’ व गळाने मासे धरण्याला ‘गरवणे’ असे शब्द आहेत. काठी, रीळ (दोरा गुंडाळण्याचे चक्र), मुख्य दोरा, शिसे, भोवरकडी, गळदोरी व गळ अशी ही एक साखळी असून तिच्यातील गळदोरी हा माशाच्या तोंडाशी, नदीच्या तळाशी व खडकाशी प्रत्यक्ष संबंध येणारा भाग होय. त्यामुळे साखळी तुटते ती बहुधा येथेच.

दोऱ्याच्या फिरकीवर छापलेला भार हा कोऱ्या, सरळ व गाठ नसलेल्या दोऱ्याचा असतो. पाण्यात भिजलेल्या, गाठ मारलेल्या आणि दगडावर घासलेल्या त्याच दोऱ्याची ताकद पुष्कळ कमी असते. बलवान नदीमाशासाठी गळदोरी निवडताना छापील आकडा न पाहता हे उरलेले बळ पाहावे लागते. या निवडीवर केवळ शिकारीचे यशापयश अवलंबून नसते. दोरा तुटल्यास गळ व दोऱ्याचा तुकडा तोंडात घेऊन जाणाऱ्या माशाचे जगणेही तिच्यावर अवलंबून असते.

स्थिर व वाहते पाणी : मुंबईच्या उपनगरांत गळाच्या मासेमारीचे सर्वांत परिचित ठिकाण म्हणजे पवई तलाव. तो १८९०-९१ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी बांधण्यात आला. पुढे त्याचे पाणी पिण्यास अयोग्य ठरल्याने तो इतर उपयोगांसाठी राहिला. महाराष्ट्र राज्य अँग्लिंग असोसिएशन या संस्थेचे कार्य या तलावाशी निगडित आहे. त्याच टेकड्यांतील विहार (१८६०) व तुळशी (१८७९) हे तलाव पिण्याच्या पाण्याचे आहेत. पवईत रोहू, कटला, मृगळ हे मासे प्रामुख्याने गळाला लागतात. तेथील पाणी स्थिर असते, तळ बव्हंशी गाळाचा असतो आणि माशाला पळण्यास मोकळी जागा असते. अशा पाण्यात बारीक व मऊ गळदोरीने मोठा मासाही सावकाश थकवून काठाशी आणता येतो.

पवईवर हात बसलेला मासेमार जेव्हा सह्याद्रीतील नदीवर जातो, तेव्हा तीच गळदोरी त्याला दगा देते. नदीत माशाच्या ओढीला प्रवाहाची ओढ मिळते. तळाशी असिताश्माचा (बेसाल्टचा) कातळ असतो. त्यातील पोकळ्यांत गारगोटीसारखी कठीण खनिजे असतात आणि रांजणखळग्यांच्या व भेगांच्या कडांवर ताणलेला दोरा पाहता पाहता खरवडला जातो. शिवाय नदीतील बलवान मासा थकेपर्यंत मोकळ्या पाण्यात फिरत राहत नाही. तो सरळ खडकाच्या आश्रयाला धावतो.

माशाची शरीररचना व वर्तन : महाराष्ट्रातील अशा माशांत महसीर अग्रगण्य आहे. दख्खनी महसीर (टॉर खुद्री) या जातीचे शास्त्रीय वर्णन विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतील नमुन्यांवरून केले. जातिवाचक ‘खुद्री’ हे नाव त्यांनी स्थानिक मराठी नावावरूनच घेतले. मराठीत या माशाला खडशी, खडची असेही म्हणतात. कृष्णा व गोदावरीच्या खोऱ्यांतील नद्यांचे डोह व खळाळ हे त्याचे मूळ वसतिस्थान होय.

महसीराचे शरीर लांबट व दोन्ही टोकांकडे निमुळते, शेपटीचा बुंधा भक्कम, शेपटीचा पर रुंद व दुभागलेला आणि खवले मोठे असतात. प्रवाहाच्या विरुद्ध पोहणाऱ्या या माशाचे स्नायू थोड्या वेळात मोठी ताकद लावू शकतात. गळ लागताच तो जी पहिली धाव घेतो, तीत त्याचे बहुतेक बळ खर्च होते आणि अपुऱ्या तयारीचा दोरा या पहिल्या धावेतच तुटतो. हेन्री सुलिव्हन टॉमस यांनी द रॉड इन इंडिया (१८७३) या ग्रंथात महसीराच्या ताकदीचे वर्णन करताना तिची तुलना विलायतेतील सॅमन माशाशी केली होती. गळाने धरलेल्या महसीरांपैकी सर्वांत प्रसिद्ध मासा १२० पौंड (सु. ५४ किग्रॅ.) वजनाचा होता, म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील एका सदस्याने तो १९४६ मध्ये कर्नाटकातील कबिनी नदीत धरला.

महसीराच्या जबड्यांत दात नसतात. त्याचे दात घशात, ग्रसनीच्या हाडांवर तीन ओळींत असतात. शिंपले, खेकडे व कठीण फळे तो या दातांनी चिरडतो. त्यामुळे ओठात किंवा तोंडाच्या कोपऱ्यात गळ रुतला असता गळदोरी चावली जाण्याचा संभव नसतो. गळ घशात गेला मात्र दोराच नव्हे, तर हलका गळही चेपला जातो. याउलट पहाडी (वालॅगो अट्टू) या मोठ्या तोंडाच्या माशाच्या जबड्यांवर बारीक दातांचे पट्टे असतात आणि ते कानशीप्रमाणे दोरा खरवडतात. मरळीचे दातही तीक्ष्ण असतात. म्हणून ‘किती वजनाचा मासा’ या प्रश्नाआधी ‘दात कोठे असलेला मासा’ हा प्रश्न विचारावा लागतो.

यूरोपातील नद्यांत आढळणारा बार्बेल हा महसीराच्याच सिप्रिनिडी कुलातील आहे. त्यालाही मिशा असतात, तोही तळाशी चरतो आणि गळ लागताच प्रवाहात जोराची धाव घेतो. आकाराने तो मोठ्या महसीराहून बराच लहान असला, तरी तळाशी न बुजता आमिष घेईल इतकी मऊ आणि खडकावर टिकेल इतकी चिवट गळदोरी कशी मिळवावी, ही तेथील मासेमारांची अडचण सह्याद्रीतील मासेमारांच्या अडचणीसारखीच आहे.

ताणाचे गणित : पाण्यात माशाचे वजन जवळजवळ नाहीसे होते, कारण त्याच्या शरीराची घनता पाण्याच्या घनतेइतकीच असते. म्हणून ८ किग्रॅ. वजनाच्या माशासाठी ८ किग्रॅ. भार सोसणारा दोरा हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. दोऱ्यावर येणारा ताण तीन गोष्टींतून उद्‌भवतो : माशाच्या पोहण्याचा जोर, त्याच्या शरीरावर प्रवाहाचा पडणारा दाब आणि धावणारा मासा एकाएकी अडविल्याने बसणारा हिसका. प्रवाहाचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाल्यास दाब चौपट होतो. आडवा झालेला थकलेला मासाही वेगवान धारेत दोऱ्यावर मोठा ताण आणतो तो यामुळेच.

तिन्हींत हिसका सर्वांत घातक असतो. ८ किग्रॅ. वजनाचा मासा सेकंदाला ३ मी. वेगाने धावत असेल, तर त्याची गतिज ऊर्जा ३६ जूल असते. त्याला ३ मी. अंतरात थांबविले, तर केवळ ही ऊर्जा शोषण्यासाठी सरासरी १.२ किग्रॅ. भाराइतकी ओढ पुरते. तोच मासा १० सेंमी. अंतरात थांबविला, तर ओढ ३६ किग्रॅ. भाराइतकी होते. माशाचा पोहण्याचा जोर यांत धरलेला नाही. तो वेगळा मिळवावा लागतो.

४० सेंमी. लांबीची नायलॉनची गळदोरी एक चतुर्थांशाने ताणली गेली, तरी ती १० सेंमी.च वाढते. म्हणजे गळदोरी कितीही ताणक्षम असली, तरी ती एकटी हिसका झेलू शकत नाही. ते काम काठीचा बाक, मुख्य दोऱ्याची लांबी आणि मुख्यतः रिळाची घर्षणकळ (ठरावीक ओढीला दोरा सुटू देणारी योजना) यांचे आहे. घर्षणकळ गळदोरीच्या भिजल्या गाठीच्या ताकदीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश ओढीवर बसवावी, असा व्यवहारातील नियम आहे. १२ किग्रॅ. भाराला तुटणाऱ्या गाठीसाठी ही ओढ ३ ते ४ किग्रॅ. येते. रिळातून निघणारा दोरा काठीला ताणकाटा बांधून ओढल्यास ही ओढ मोजता येते. अंदाजाने बसविलेली कळ पहिल्या धावेत एक तर अडकते किंवा मोकळी सुटते.

जाडी व झीज : एकाच द्रव्याच्या दोऱ्यांची ताकद त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या, म्हणजेच व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. चांगल्या प्रतीचा ०.३० मिमी. व्यासाचा नायलॉनचा एकपदरी दोरा सु. ६ किग्रॅ., ०.४० मिमी.चा सु. १० किग्रॅ. आणि ०.५० मिमी.चा सु. १६ किग्रॅ. भार सोसतो.

झीज झाल्यावर हा फरक अधिक तीव्र होतो. खडकावर घासून दोऱ्याचा पृष्ठभाग सर्व बाजूंनी ०.०५ मिमी. खरवडला गेला, असे समजू. ०.३० मिमी.चा दोरा त्या ठिकाणी ०.२० मिमी. उरतो आणि त्याची ताकद मूळच्या ४४ टक्के होते, म्हणजे निम्म्याहूनही कमी. तेवढ्याच झिजेने ०.५० मिमी.चा दोरा ०.४० मिमी. होतो व ६४ टक्के ताकद राखतो. म्हणजे ६ किग्रॅ.च्या जागी सु. २.६ किग्रॅ. आणि १६ किग्रॅ.च्या जागी सु. १० किग्रॅ. असा हिशेब होतो. कातळाच्या नदीत जाड गळदोरी वापरतात ती मासा उचलता यावा म्हणून नव्हे, तर झिजेला पुरून उरेल इतके द्रव्य हाती असावे म्हणून. घर्षणकळीची ओढ ठरवितानाही नव्या दोऱ्याऐवजी संभाव्य झिजेनंतरचे बळच लक्षात घेणे श्रेयस्कर असते.

द्रव्ये : नायलॉनपूर्व काळात आपल्याकडील जाळी व गळ यांसाठी सुती व सणाचा दोरा वापरीत. यूरोपीय पद्धतीच्या मासेमारीत गळदोरीसाठी रेशीमकिड्याची रेशीमग्रंथी ओढून केलेला पारदर्शक तंतू वापरात होता. हा तंतू कोरडा असताना ठिसूळ असे, म्हणून वापरण्यापूर्वी तो भिजवून मऊ करावा लागे. अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या चमूने १९३५ मध्ये नायलॉन तयार केले आणि १९३८ मध्ये ते जाहीर झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनच्या एकपदरी दोऱ्याने रेशीमतंतूची जागा घेतली. आज चार प्रकारची द्रव्ये प्रचारात आहेत.

(१) नायलॉनचा एकपदरी दोरा : स्वस्त, गाठ चांगली धरणारा व ताणक्षम. तुटण्यापूर्वी तो मूळ लांबीच्या सु. २० ते ३० टक्के ताणला जातो. त्याची घनता सु. १.१४ असल्याने तो पाण्यात सावकाश बुडतो. तो पाणी शोषतो व भिजल्यावर त्याची ताकद काहीशी कमी होते. ऊन व अतिनील किरण यांमुळे तो जून होतो. म्हणून उन्हात पडलेली फिरकी नवी दिसली तरी विश्वासार्ह नसते.

(२) फ्ल्युओरोकार्बन दोरा : पॉलिव्हिनिलिडीन फ्ल्युओराइड या बहुवारिकाचा हा दोरा जपानमध्ये विकसित झाला. त्याची घनता सु. १.७८ असल्याने तो तळाशी चटकन बसतो. तो पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे भिजल्यावरही त्याची ताकद टिकून राहते. त्याचा पृष्ठभाग कठीण असतो. त्याचा प्रणमनांक सु. १.४२, तर नायलॉनचा सु. १.५३ व पाण्याचा १.३३ असतो, म्हणून निवळ पाण्यात तो नायलॉनपेक्षा कमी दिसतो. हिवाळ्यातील नितळ डोहात या गुणाचा उपयोग होतो, पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्यात तो निरर्थक ठरतो. हा दोरा ताठर असल्याने गाठ सावकाश व ओली करून आवळावी लागते.

(३) विणीचा दोरा : अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनाचे अनेक बारीक तंतू विणून हा केलेला असतो. त्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा तो कितीतरी बळकट व अत्यंत मऊ असतो. त्यामुळे तळाशी आमिष नैसर्गिकपणे हलते. परंतु तो फारसा ताणला जात नाही, गुळगुळीत असल्याने साध्या गाठीतून निसटतो आणि त्याची घनता पाण्याहून थोडी कमी असल्याने तरंगतो. त्याचा सर्वांत मोठा दोष म्हणजे ताणलेल्या अवस्थेत खडबडीत दगडाच्या कडेवर त्याचे सुटे तंतू एकेक करून तुटतात. बारीक असूनही बळकट, म्हणून तो कातळी नदीत निवडणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक होय. पातळ दोरा माशाच्या ओठात कापत जातो, हा दोषही त्यात आहे.

(४) पोलादी तार : अनेक बारीक तारांना पीळ देऊन, कधी वर प्लॅस्टिकचे आवरण घालून केलेली तार पहाडीसारख्या दातांच्या माशांसाठी वापरतात. महसीरासाठी तिची गरज नसते. एकदा मुरगळलेली तार त्या ठिकाणी कमकुवत होते व ती टाकून द्यावी लागते.

मऊपणा व चिवटपणा हे दोन्ही गुण एका द्रव्यात मिळत नसल्याने काही मासेमार जोडगळदोरी करतात. तिचा बहुतेक भाग जाड नायलॉनचा किंवा फ्ल्युओरोकार्बनचा असून गळाजवळचा ५ ते ८ सेंमी. भाग विणीच्या दोऱ्याचा असतो. तिच्यात गाठ एकाने वाढते, हा तिचा तोटा होय.

गाठ : दोरा बहुधा गाठीशी तुटतो. गाठीत दोऱ्याला तीव्र वळण मिळते, वेढे एकमेकांना कापतात आणि ताण एका बाजूला साठतो. नीट बांधलेली गाठ मूळ ताकदीचा बराच मोठा भाग राखते. वाऱ्याने किंवा दोरा फेकताना नकळत पडलेली साधी एकेरी गाठ मात्र ताकद सु. निम्म्यावर आणू शकते. म्हणून गळदोरीवर अशी गाठ दिसताच ती सोडवीत न बसता गळदोरीच बदलावी. कोरडी गाठ झटक्याने आवळली, तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन व विणीचा दोरा दोन्ही दुखावतात. गाठ ओली करून, वेढे शेजारीशेजारी बसतील अशा रीतीने हळूहळू आवळणे हा उपाय आहे. विणीच्या दोऱ्यासाठी गळाच्या नेढ्यातून दोरा दुहेरी ओवून मारलेली गाठ अधिक सुरक्षित असते.

गळदोरीची खरी ताकद घरीच मोजता येते. गळदोरी दोन तास पाण्यात भिजवून तिचे एक टोक खिळ्यात व दुसरे ताणकाट्यात अडकवावे आणि डोळ्यांना इजा होणार नाही अशी काळजी घेऊन ती तुटेपर्यंत सावकाश ओढावी. तीन-चार वेळा येणाऱ्या आकड्यांपैकी सर्वांत कमी आकडा खरा मानावा. अमेरिकेत १९३९ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय क्रीडा-मत्स्यपारध संस्थाही विक्रमांसाठी दोऱ्याची ताकद भिजल्या अवस्थेतच तपासते.

लांबी : प्रवाह जितका वेगवान व तळ जितका खडकाळ, तितकी गळदोरी आखूड ठेवण्याकडे कल असतो, कारण लांब गळदोरी खडकांच्या फटींत गुंतते. संथ डोहात, संशयी माशांसाठी ती ६० सेंमी. ते १ मी. ठेवतात, त्यामुळे आमिष शिशापासून दूर राहते. मात्र लांब गळदोरीत माशाने आमिष घेतल्याची जाणीव उशिरा होते व गळ घशापर्यंत जाण्याचा धोका वाढतो. मासा जिवंत सोडावयाचा असेल, तर ३० ते ४५ सेंमी. लांबी पुरेशी असते.

ठरलेला दुबळा दुवा : साखळी कोठे तुटावी हे मासेमाराने आधीच ठरवावयाचे असते. मुख्य दोरा गळदोरीपेक्षा दुबळा असेल, तर तो रिळाजवळ तुटून मासा कित्येक मीटर दोरा मागे ओढीत जातो. असा दोरा खडकात किंवा बुडालेल्या झाडात अडकून मासा खुंटीला बांधल्यासारखा मरतो. म्हणून गळदोरीची भिजली ताकद मुख्य दोऱ्याच्या ताकदीपेक्षा १० ते २५ टक्क्यांनी कमी असणे हा मूलभूत नियम आहे. दोरा तुटलाच, तर माशाजवळ फक्त गळ व वीतभर दोरा राहतो. खडकाळ नदीसाठी गळदोरी जाड केली, तर मुख्य दोराही त्या प्रमाणात जाड करणे क्रमप्राप्त ठरते. केवळ गळदोरी वाढवून मुख्य दोरा तसाच ठेवणे हे माशाच्या दृष्टीने सर्वांत वाईट होय.

नदीत अडकते ते बहुधा शिसे. ते मुख्य दोऱ्यावर थेट न ओवता भोवरकडीपासून वेगळ्या, बऱ्याच कमी ताकदीच्या बारीक दोऱ्याने टांगल्यास अडकल्यावर तेवढेच तुटते व मासा मोकळा राहतो. विषारी शिशाऐवजी नदीतील गुळगुळीत गोटा बांधणे स्वस्त व निर्धोक असते.

प्रत्यक्ष निवड : पवईसारख्या गाळाच्या तळाच्या तलावात रोहू व कटला यांसाठी ०.२८ ते ०.३३ मिमी. व्यासाचे मऊ नायलॉन, २० ते ३० सेंमी. लांबीचे, पुरेसे होते. फार मोठा कटला अपेक्षित असल्यास थोडा जाड दोरा घेतात. वाळूच्या किंवा बारीक गोट्यांच्या तळाच्या नदीतील डोहात ०.३५ ते ०.४० मिमी.चे नायलॉन किंवा फ्ल्युओरोकार्बन योग्य ठरते. कातळ, रांजणखळगे व खळाळ असलेल्या पात्रात महसीरासाठी ०.५० ते ०.६० मिमी.हून बारीक गळदोरी वापरू नये. पहाडी असलेल्या पाण्यात तार किंवा अतिशय जाड नायलॉन घेतात. दोरा जाड झाला म्हणजे मासा बुजतो ही भीती वाहत्या, किंचित गढूळ पाण्यात बहुतांशी निराधार असते. तेथे आमिष कसे बसले आहे याला अधिक महत्त्व असते.

प्रत्येक माशानंतर, तसेच गळ खडकात अडकून सुटल्यानंतर गळदोरी ओल्या बोटांच्या चिमटीतून किंवा ओठांवरून फिरवून पाहावी. डोळ्यांना न दिसणारा खरखरीतपणा स्पर्शाला कळतो. खरखर जाणवल्यास गळदोरी तत्काळ बदलावी.

संवर्धनाची बाजू : बारीक दोऱ्याने मोठा मासा धरण्यात कौशल्य आहे, अशी एक जुनी समजूत आहे. बारीक दोऱ्यामुळे झुंज लांबते, स्नायूंत लॅक्टिक अम्ल साठते आणि मासा पूर्ण थकतो. हवेशी समतोल असलेल्या २०° से. तापमानाच्या गोड्या पाण्यात प्रतिलिटर सु. ९.१ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळलेला असतो, ३०° से. तापमानाला तो सु. ७.६ मिग्रॅ. उरतो. उन्हाळ्यात आटलेल्या, कोमट डोहात अर्धा तास झुंजविलेला मासा सोडल्यावर पोहत गेला, तरी नंतर मरू शकतो. पुरेशा बळकट गळदोरीने झुंज थोड्या मिनिटांत संपविणे हे म्हणूनच कौशल्याचे लक्षण मानले पाहिजे. उलटा काटा दाबून सपाट केलेला एकेरी गळ, ओले हात व माशाला पाण्यातच ठेवून गळ काढणे यांची जोड त्याला हवी. गळ खोल गेला असेल, तर तो उपसून न काढता गळदोरी तोंडाजवळ कापावी.

ही काळजी घेण्यास सबळ कारण आहे. धरणे, वाळूउपसा, सांडपाणी, सुरुंग व विष यांनी होणारी मासेमारी यांमुळे सह्याद्रीतील नद्यांत मोठे महसीर विरळ झाले आहेत. ही जात पावसाळ्यात अंडी घालते. तिच्या प्रजननाचा अभ्यास मत्स्यतज्ज्ञ चं. वि. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास प्रसिद्ध केला. लोणावळा येथे टाटा वीज कंपन्यांच्या तलावांच्या आश्रयाने महसीराचे कृत्रिम प्रजनन सुरू होऊन तेथील बोटुकली अनेक राज्यांत पाठविण्यात आली. या उपक्रमाने दख्खनी महसीर टिकून राहण्यास मदत झाली. परंतु कावेरीत सोडलेल्या या माशाची संख्या वाढत असताना तेथील मूळच्या, मदार असलेल्या महसीराची संख्या घटली, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. हा निष्कर्ष मासे धरून सोडणाऱ्या मासेमारांनी वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदींवरून काढलेला होता. मदार असलेली ती जात (टॉर रेमादेवी) २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली.

महाराष्ट्रात काही ठिकाणी महसीराला लोकश्रद्धेने अभय दिले आहे. इंद्रायणीकाठचे देहू, वैतरणेवरील वाडा तालुक्यातील तिळसे आणि महाडजवळ काळ नदीवरील वाळण कोंड येथील मासे देवाचे मानले जातात व त्यांना कोणी गळ टाकीत नाही. इतरत्र गळ टाकण्यापूर्वी त्या पाण्यावरील मासेमारीचा हक्क कोणाचा आहे, याची चौकशी करून अनुमती घ्यावी लागते.

वापरून झालेली गळदोरी काठावर टाकू नये. नायलॉन व फ्ल्युओरोकार्बन वर्षानुवर्षे कुजत नाहीत आणि पाणपक्ष्यांच्या पायांत व पंखांत गुंततात. जुन्या गळदोऱ्यांचे बोटभर तुकडे करून ते घरी आणणे व कचऱ्यात टाकणे, ही गळदोरीच्या निवडीइतकीच आवश्यक शिस्त होय.